सोने सगळ्यात खाली

दहावीच्या विज्ञानात धातूंची एक यादी शिकवावी लागते. पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड, कथिल, शिसे. मग धातू नसूनही मध्येच येऊन बसलेला हायड्रोजन. त्याच्या खाली तांबे, पारा, चांदी आणि सगळ्यात शेवटी सोने. मराठी पुस्तकात हिला अभिक्रियाशीलता श्रेणी म्हणतात. आम्ही उर्दू माध्यमाचे. आमच्याकडे रासायनिक अभिक्रियेला 'तआमुल' असा शब्द आहे. मुले ही यादी सुरात पाठ करतात, परीक्षेत उतरवून काढतात आणि निकाल लागला की विसरतात. आम्हाला मात्र ती विसरता येत नाही. मराठवाड्यातल्या एका लहान शहरात, उदगीरला, विज्ञान शिकवताना या यादीने आम्हाला आमच्या मोहल्ल्याविषयी बरेच काही विचारले आहे.

पहिला प्रश्न मुलांचाच असतो. दरवर्षी कोणी ना कोणी तो विचारतोच.

"सर, सोना सबसे नीचे कैसा? सोना तो ऊपर रैना ना?"

वर्ग हसतो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घरात लग्नाची बोलणी तोळ्यांवर अडतात, त्या घरातल्या मुलाला सोने तळाशी लिहिलेले पटत नाही. आम्ही सांगतो की, ही यादी किमतीची नाही. कोणता धातू आपले इलेक्ट्रॉन किती सहज देऊन टाकतो, त्याची आहे. जो चटकन देतो तो वर, जो हातचे सोडत नाही तो खाली. पोटॅशिअम आणि सोडिअम इतके उतावळे की त्यांना रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे लागते. सोने कुणाला काही देत नाही, कुणात मिसळत नाही, म्हणून शेकडो वर्षे जमिनीत राहूनही पिवळेच्या पिवळे निघते.

मग आम्ही मोरचूद काढतो. पाण्यात विरघळवले की सुंदर निळा रंग येतो. त्यात लोखंडी खिळा सोडला की थोड्या वेळाने खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि निळा रंग फिकट हिरव्याकडे झुकतो. लोखंड पाण्यात उतरले, तांबे बाहेर आले. जस्ताचा तुकडा टाकला तर हेच जास्त लवकर घडते आणि शेवटी पाणी रंगहीन होते. उलट करून पाहा : हिराकसाच्या पाण्यात तांब्याची तार टाका. तास उलटो, दिवस उलटो, काही होत नाही. वरचा खालच्याला द्रावणातून बाहेर काढतो, खालचा वरच्याला काढू शकत नाही. एवढा एक नियम कळला की यादी पाठ करण्याची गरज निम्मी संपते.

पण पुस्तकात पुढे एक शब्द येतो, आणि तिथे आम्ही थोडे थांबतो. सोने, चांदी, प्लॅटिनम यांना 'राजधातू' म्हटले आहे. का? तर ते सहसा कुणाशी संयोग पावत नाहीत. जो मिसळत नाही तो राजा. आमच्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या समाजात जात नाही, असे आम्ही भाषणात सांगतो. मशिदीत सगळे एका सफमध्ये उभे राहतात हे खरे आहे आणि ते लहान नाही. पण रिश्ता जोडायची वेळ आली की चौकशी सुरू होते. अश्रफ, अजलाफ हे पुस्तकातले शब्द झाले; मोहल्ल्यात 'खानदानी' हा एकच शब्द सारे काम करतो. खानदानी म्हणजे कोण? ज्यांच्या घरात हाताला काळे लागत नाही ते. बागवान, कसाई, पिंजारी, कलईगर हे सगळे त्यानंतर.

आमच्या वर्गात एका कल्हईवाल्याचा मुलगा होता. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'बिझनेस' असा लिहिलेला. मुलांना खरे काय ते ठाऊक होते. उर्दूत 'कलई खुलना' म्हणजे बिंग फुटणे. तो काही चुकला, फळ्यावर अडखळला, की मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "कलई खुल गई रे!" तो हसल्यासारखे करायचा. मोरचुदाचा प्रयोग सुरू असताना मात्र तोच सगळ्यात पुढे असायचा. खिळ्यावर तांबे चढण्याआधी तो पॉलिश पेपरने खिळा घासून घ्यायचा. आम्ही कारण विचारले तर म्हणाला, "मैल रहा तो पकडता नै ना, सर." हे वाक्य पुस्तकातले नव्हते.

त्या वर्षी, म्हणजे 2023 साली, पावसाळा संपल्यावर आम्ही त्याच्या वडिलांना शाळेत बोलावले. मुलाच्या तक्रारीसाठी नव्हे, वर्गाला शिकवण्यासाठी. चाचांचा आधी विश्वास बसेना. "हम क्या सिखाएंगे साब, हम तो अंगूठाछाप." मुलगाही नाखूश होता. त्याने दोन दिवस आमच्याकडे पाहिले नाही. शेवटी शादीखान्यातली आतून तांबूस पडलेली एक लहान देग आम्ही मागून आणली आणि मैदानाच्या कोपऱ्यात चाचांनी खड्डा खणून भाता बसवला.

तांब्याच्या भांड्याला कल्हई का लागते, हे आमच्या घराघरात बायकांना माहीत असते. ताक, चिंच, टोमॅटो तांब्यात राहिले की कळकते. मराठीत यासाठी हा नेमका शब्द आहे. पण यादीप्रमाणे पाहिले तर इथे कोडे आहे. तांबे हायड्रोजनच्या खाली, म्हणजे साध्या आम्लाने ते विरघळायला नको. मग चिंचेच्या सारात ते उतरते कसे? उत्तर हवेत आहे. हवेतला ऑक्सिजन तांब्यावर आधी काम करतो आणि जे तयार होते ते आंबटात विरघळते. एकट्या आम्लाला जे जमले नसते, ते हवेची साथ मिळाल्यावर जमते.

चाचांनी देग रेतीने घासली, आचेवर फिरवून तापवली आणि नवसागराची चिमूट टाकली. पांढऱ्या धुराचा लोट उठला. मुले खोकत मागे सरली. चाचांनी कथिलाची कांडी आतून टेकवली, कापसाचा बोळा फिरवला आणि बघता बघता तांबड्या देगीच्या पोटात चांदी उतरल्यासारखे झाले. आम्ही विचारले, "चाचा, नवसागर कशासाठी?"

"मैल काटता साब. मैल कटा नै तो कलई बैठती नै."

मुलाचे वाक्य कुठून आले होते ते वर्गाला तेव्हा कळले. आम्ही फळ्यावर त्याचे समीकरण मांडले. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड सुटतात. तापलेल्या तांब्यावर जो ऑक्साईड धरतो, म्हणजे चाचांचा 'मैल', तो हायड्रोजन क्लोराईड खातो. उरलेले दोन्ही वायू थंड हवेत पुन्हा भेटतात, तोच पांढरा धूर. उर्दूत नवसागराला नौशादर म्हणतात. आठव्या शतकातल्या जाबिर बिन हय्यानच्या नावावर जे ग्रंथ आहेत, त्यांत या क्षाराला मोठे स्थान आहे. 'कल्हई' हा शब्दही अरबीतल्या 'कलई' वरून आला. कलई म्हणजे कथिलच. कीमियाच्या ज्या परंपरेचा आम्ही भाषणात अभिमान सांगतो, तिचे दोन शब्द आमच्या मैदानात भात्याजवळ बसले होते आणि वर्गात त्यांना चिडवले जात होते.

चाचांनी नंतर एक गंमत दाखवली. कथिलाची नवी कांडी मुलांच्या कानाशी धरून वाकवली. करकर असा बारीक आवाज आला. "असली है तो रोता. सीसा मिलाया तो चुप." शिसे कथिलापेक्षा स्वस्त असते म्हणून काही लोक ते मिसळतात, आणि शिसे हे विष आहे, लहान मुलांच्या मेंदूसाठी तर फारच वाईट. आम्ही वर्गाला आकडे दाखवले. विद्युत रासायनिक श्रेणीत कथिल उणे 0.14 व्होल्टवर आणि शिसे उणे 0.13 वर. अगदी खांद्याला खांदा लावून. तरी एक अन्नाचे भांडे राखते आणि दुसरे अन्न नासवते. म्हणजे यादीतल्या जागेवरून कोण कुणाला इलेक्ट्रॉन देईल ते कळते. कोण चांगले, कोण वाईट, ते कळत नाही. ती जागा त्यासाठी नाहीच.

आणखी एक गोष्ट यादी सांगत नाही : वेग. लिथिअमचा आकडा सगळ्यांत टोकाचा, उणे 3.04 व्होल्ट. पण पाण्यात टाकल्यावर ते सोडिअम-पोटॅशिअमपेक्षा संथपणे क्रिया करते. ॲल्युमिनिअम जस्ताच्याही वर, तरी घरातली पातेली वर्षानुवर्षे टिकतात, कारण त्याच्यावर ऑक्साईडचा पातळ, घट्ट पडदा असतो. कथिलसुद्धा तांब्यापेक्षा क्रियाशील आहे. पण आंबटाशी त्याची क्रिया इतकी मंद की कल्हई लावलेल्या भांड्यात सार निर्धास्त करता येते. ओढ असणे वेगळे आणि घाई असणे वेगळे. यादी ओढीची आहे.

इथे भाषेविषयी थोडे बोलायला हवे. आमच्या मुलांना इलेक्ट्रॉन देणे म्हणजे 'तकसीद' आणि घेणे म्हणजे 'तहवील' असे शिकावे लागते. शेजारच्या मराठी शाळेतली मुले ऑक्सिडीकरण आणि क्षपण शिकतात. अकरावीला सायन्स घेतले की दोघांनाही सगळे इंग्रजीत भेटते. आमचा हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे 1917 साली हैदराबादेत दारुत्तर्जुमा ही अनुवादसंस्था निघाली, पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथे रसायनशास्त्रापासून वैद्यकापर्यंतचे शिक्षण उर्दूतून दिले गेले. पारिभाषिक शब्द घडवायला विद्वानांच्या समित्या बसल्या. फार मोठे काम होते ते. पण मोठा शब्द आणि मूल यांच्यामध्ये एक पायरी लागते. 'मैल कटता', 'कलई बैठती', 'कळकते', 'जंग खाता' हे शब्द ती पायरी आहेत. तकसीद शिकवायची असेल तर आम्ही आधी जंगापासून सुरुवात करतो. मूल घरातून जे ज्ञान घेऊन येते ते शाळेच्या दारात चपलेसारखे काढून ठेवायला लावले, तर ते मूलही हळूहळू बाहेरच राहू लागते. उर्दू शाळांतून मुले गळतात त्याची कारणे गरिबीत आहेत, कामाला लागण्यात आहेत. पण हेही एक कारण आहे, आणि ते आम्हा मास्तरांच्या हातातले आहे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आम्ही वर्गाला बिदरला नेले. उदगीरहून भालकीवरून रेल्वे जाते. बिदर कर्नाटकात असले तरी आम्हाला परके नाही. रिश्तेदारी आहे, बोली एक आहे. बहमनी सुलतानांच्या या राजधानीत बिदरी काम होते. त्या कलेतले कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 सालीच पद्मश्री मिळाली होती, त्यामुळे मुलांना तिचे नाव तरी ठाऊक होते. पण ही कला म्हणजे आमच्या धड्याची पाने आहेत, हे त्यांना तिथे जाऊन कळले.

बिदरीचे भांडे मुख्यतः जस्ताचे. त्यात थोडे तांबे असते, साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे, कारागिराप्रमाणे थोडे कमीजास्त. ओतीव भांडे कानशीने घासले की राखाडी, चकचकीत निघते. त्यावर नक्षी आखायची तर रेघ दिसली पाहिजे, म्हणून कारागीर त्यावर मोरचुदाचे पाणी चोळतो. भांडे लगेच काळवंडते. आमची मुले एकदम ओरडली, "सर, अपना प्रयोग!" खरोखर तेच. जस्त मोरचुदातले तांबे बाहेर काढते आणि त्याचा बारीक काळसर थर भांड्यावर बसतो. मग छिन्नीने नक्षी कोरायची, खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, पुन्हा घासायचे. आता चांदी आणि जस्त दोन्ही सारखेच पांढरट दिसतात. नक्षी जवळजवळ हरवते. शेवटी किल्ल्यातल्या जुन्या, ऊनपाऊस न लागलेल्या जागेची माती आणि नवसागर यांचा लेप गरम करून भांड्यावर चोळतात. भांडे काळेभोर होते. चांदीला काही होत नाही. नक्षी एकदम उजळून वर येते.

यादीतले एवढे मोठे अंतर, जस्त उणे 0.76 आणि चांदी अधिक 0.80, एका हुक्क्याच्या पोटावर दिसते. बघणारा चांदीचे कौतुक करतो. पण चांदी तर आधीही तिथेच होती. ती दिसली कशामुळे? जस्त काळे झाले म्हणून. आम्ही हे बोललो तेव्हा कल्हईवाल्याचा मुलगा म्हणाला, "लेकिन सर, जस्त को कौन पूछता? लोगां बोलते चांदी का काम है."

या बोलण्याला आम्ही गोड उत्तर दिले नाही. जस्ताची अशीच आणखी एक कथा आम्ही त्याला सांगणार होतो, ती तिथे थोडी जपून सांगितली. घरावरच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. पत्र्यावर ओरखडा गेला, लोखंड उघडे पडले, तरी ते लवकर गंजत नाही, कारण जस्त यादीत लोखंडाच्या वर. ते आधी स्वतः झिजते. कथिलाचा मुलामा असलेला डबा मात्र ओरखडल्यावर उलट वागतो. कथिल लोखंडाच्या खाली, म्हणून त्याच्या शेजारी लोखंड अधिकच लवकर गंजते. तांब्याची देग राखणारे कथिल फाटक्या डब्यात लोखंडाच्या कामी येत नाही. शेजारी बदलला की काम बदलते.

ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांना तळाशी तांब्याचा पत्रा असे आणि खाऱ्या पाण्यात तो झिजे. 1824 साली हम्फ्री डेव्हीने त्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडले. झीज थांबली. पण मग तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटू लागले, जहाजे मंदावली. तांबे झिजताना पाण्यात जे थोडे थोडे उतरत होते, तेच तर या जिवांना दूर ठेवत होते. धातूंच्या गोष्टींतून त्यागाचा धडा काढायचा मोह आम्हा मास्तरांना फार. पण जस्त काही ठरवून झिजत नाही. माणसाचे तसे नाही. जी देग कल्हई केल्याशिवाय चढत नाही, तिच्यातली बिर्याणी सगळी बिरादरी खाते आणि तिला कल्हई करणाऱ्याच्या घरी मुलगी देत नाही, हा रसायनाचा नियम नाही. तो आम्ही केलेला आहे आणि आम्हीच मोडू शकतो.

श्रेणी शिकवताना शेवटी एक गोष्ट सांगतो, ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एकट्या धातूचा आकडा मोजताच येत नाही. व्होल्टमीटरला दोन टोके लागतात. जस्त आणि तांबे जोडले की 1.10 व्होल्ट मिळतो. 1836 साली डॅनिएलने याच जोडीचा घट केला. त्यात तांबे घेणारे. तेच तांबे चांदीशी जोडा, 0.46 व्होल्ट मिळतो, आणि आता तांबे देणारे. आणि सगळ्यांची मोजणी ज्याच्यापासून करतात त्या हायड्रोजनचा आकडा शून्य आहे, तो का? निसर्गाने दिला म्हणून नव्हे. मोजायला कुठून तरी सुरुवात हवी म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांनी तो शून्य मानला आहे. शून्य दुसरीकडे मानले असते तर सगळे आकडे सरकले असते, दोघांमधले अंतर मात्र तेच राहिले असते. कोण वर, कोण खाली याला अर्थ नाही. कोण कुणाशेजारी आहे याला अर्थ आहे.

म्हणून आम्ही आता ही यादी फळ्यावर उभी लिहीत नाही. डावीकडे पोटॅशिअम, उजवीकडे सोने, अशी आडवी लिहितो, आणि खाली बाण काढतो : इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातात. परीक्षेत उभी विचारली तर उभी लिहा, असेही बजावतो. गुण तिथे मिळतात. पण 'सोना नीचे कैसा' हा प्रश्न आडव्या यादीपुढे पडत नाही. त्याऐवजी मुले विचारतात, "सर, कौन किसको देता?" हा प्रश्न बरोबर आहे.

कल्हईवाल्याचा मुलगा 2024 साली दहावी झाला आणि सायन्सला गेला. चाचांचे काम आता लग्नसराईपुरते उरले आहे. घराघरात स्टील आहे आणि देगीही ॲल्युमिनिअमच्या येऊ लागल्या. कॉलेजच्या फीसाठी चाचांनी भाता विकला नाही, एवढेच आम्हाला माहीत आहे. बाकीचे आम्ही विचारले नाही. इंग्रजी त्याला जड जाते. 2025 साली तो बारावीत गेला आणि रसायनशास्त्रात इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा धडा आला, तेव्हा त्याने फोन केला. तकसीद म्हणजे ऑक्सिडेशन आणि तहवील म्हणजे रिडक्शन एवढी खात्री करून घ्यायची होती. खात्री झाल्यावर म्हणाला, "बस सर, बाकी मालूम है." नव्या वर्गातल्या मित्रांना त्याने वडील काय करतात ते सांगितले आहे की नाही, आम्हाला ठाऊक नाही. पण कॉलेजच्या फॉर्मवर त्याने व्यवसायाच्या रकान्यात 'कलईगर' लिहिले. फॉर्म भरताना आम्ही शेजारीच बसलो होतो. त्याने विचारले ते फक्त स्पेलिंग.